विहीर मचूळ झाली? बोअर अजून खोल मारायच्या आधी हे वाचा

एप्रिल लागला की वसई पट्ट्यातून आम्हाला एकाच टाइपचे फोन येतात, पाणी मचूळ लागतंय, बोअर अजून शंभर फूट खाली न्या. आता आमचा धंदाच बोअरचा, फुटावर पैसे मिळतात, तरी समुद्राजवळच्या गावात आम्ही बऱ्याचदा नाही म्हणतो.

आपल्याकडे किनाऱ्याला वर रेती नि गाळ, खाली काळा कातळ. पावसाचं गोडं पाणी रेतीत मुरतं आणि खाऱ्यापेक्षा हलकं म्हणून त्याच्यावर तरंगत राहतं. ढोबळ हिशोब असा की गोड्याची पातळी समुद्रापेक्षा 1 फूट वर असेल तर समुद्रपातळीच्या खाली साधारण 40 फूट गोडं मिळतं. म्हणजे सगळ्यांनी मिळून उपसून पातळी अर्धा फूट उतरवली की हळूहळू खालून 20 फूट गेलंच समजा!! त्यात मोठी मोटर लावून एकाच जागी खेचलं की खारं पाणी तिथेच शंकूसारखं वर चढतं, आणि तुम्ही खोल जाताय म्हणजे त्यालाच भेटायला चाललाय. टँकरवाल्यांनी इथल्या विहिरी कशा उपसल्या आणि लोक त्याविरुद्ध कसे रस्त्यावर उतरले ते जुन्या मंडळींना विचारा.

खारं किती लागतं खराब व्हायला? समुद्राच्या पाण्याचा टीडीएस (म्हणजे एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) 35,000 च्या आसपास, पिण्याच्या पाण्याला 500 पर्यंत चांगला, दुसरी सोयच नसेल तर 2,000 पर्यंत चालवून घेतात. 100 लिटरमागे 2 लिटर समुद्र मिसळला तरी 700 ने वाढला.

मग करायचं काय, तर मोटर छोटी ठेवा, एकदम चार तास चालवण्यापेक्षा दिवसातून तीन-चारदा थोडी थोडी चालवून टाकी भरा. वाडीतलं बावखल, म्हणजे पावसाचं पाणी साठणारं छोटं तळं, डेब्रिज टाकून बुजवू नका, पाणी मुरायची जागा तीच आहे (गाडी लावायला दुसरीकडे जागा शोधा राव). आणि वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर नि मे महिन्यात, पातळी आणि टीडीएस मोजून वहीत लिहा, शेजारच्या दोन-तीन विहिरींचंही घ्या कारण पाणी सगळ्यांचं एकच आहे, कुंपण वरच असतं.

मोजायला आम्ही येतो, भरतीला एकदा नि ओहोटीला एकदा. फक्त आदल्या रात्री मोटर बंद ठेवा, नाहीतर पातळीचा आकडा खोटा येतो आणि आमची फेरी फुकट.