ठोक्यांची गोळी आली कुठून?

फोंड्यात आमच्या फार्मसीवर अमिओडारोन (हृदयाच्या ठोक्यांची लय सांभाळणारी गोळी) न्यायला येणारे बरेचसे बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवून आलेले असतात आणि एक प्रश्न ठरलेला, ठोके आता ठीक पडतात मग थायरॉईडची टेस्ट कशाला? त्याचं उत्तर या गोळीच्या जन्मातच आहे.

इजिप्तमध्ये खेला नावाचं रोप, लोक मूतखड्यावर घ्यायचे. 1946 च्या सुमारास कैरोत ग्लेब आनरेप नावाच्या शास्त्रज्ञाच्या लॅबमधल्या टेक्निशियनने ते खड्यासाठी घेतलं आणि त्याचं छातीचं दुखणंच थांबलं! मग त्यातल्या द्रव्यावरून 1961 ला बेल्जियमच्या लाबाझ कंपनीने अमिओडारोन बनवलं, तेही अंजायनासाठी (हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यासाठी), ठोक्यांचा विचारच नव्हता. 1970 मध्ये ऑक्सफर्डला ब्रामा सिंग (मूळचे फिजीचे) आणि वॉन विल्यम्स यांनी दाखवलं की हे ठोक्यांची लय सांभाळतं, पुढे अर्जेंटिनात हृदयाचे डॉक्टर रोझेनबाउमनी पेशंटवर भरपूर वापरलं, आणि अमेरिकेत परवानगी मिळाली थेट 1985 ला, तीही जिवावर बेतणाऱ्या ठोक्यांपुरतीच.

आता थायरॉईडची टेस्ट का, तर या औषधाच्या रेणूतच आयोडीन आहे. 200 मिलिग्रॅमच्या गोळीत जवळपास 75 मिलिग्रॅम, आणि माणसाला दिवसाला लागतं 0.15 मिलिग्रॅम. सगळं काही सुटं होत नाही पण जेवढं होतं तेवढंच रोजच्या गरजेच्या कितीतरी पट, म्हणून थायरॉईड वर जातो नाहीतर खाली. शिवाय औषध चरबीत मुरून बसतं, निम्मं जायलाच सरासरी दोनेक महिने लागतात, त्यामुळे आज बंद केलं तरी त्रास पुढे कितीतरी दिवस दिसू शकतो. लिव्हरची टेस्ट, डोळे, छातीचा एक्सरे, सगळं त्यासाठीच. वॉरफरिन (रक्त पातळ करणारं) किंवा डिगॉक्सिन (हृदयाचंच दुसरं औषध) चालू असेल तर त्यांचा डोस डॉक्टर कमी करतात, नाहीतर रक्त जास्तच पातळ होतं किंवा डिगॉक्सिन अंगावर येतं. आणि ऊन! आपल्याकडे कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम करणाऱ्याला टोपी, फुल शर्ट सांगावंच लागतं, कातडी भाजते, वर्षानुवर्षं घेतलं तर काहींचा चेहरा निळसर करडाही पडतो.

परवा एक आजोबा आले, दीड वर्षापूर्वीची चिठ्ठी, गोळ्या चालूच, मधे एकदाही तपासणी नाही आणि वर खोकल्याचं सिरप मागतायत, सुका खोकला, जिना चढताना दम. मी सिरप दिलंच नाही. म्हटलं आजोबा, आधी दोतोराकडे जा, ही स्ट्रिप दाखवा, या गोळीने फुफ्फुसांना त्रास होऊ शकतो, ती बघायला सांगा, पण गोळी स्वतःहून बंद करू नका. रागावले थोडे, पण मुलाला फोन लावला.