कानातला आवाज, सोलापूरचे माग आणि प्लग घालावा की नाही हा वाद

टिनिटस म्हणजे बाहेर आवाज नसताना कानात किंवा डोक्यात वाजणारा आवाज, आणि हायपरॲक्युसिस म्हणजे साधा आवाजही सहन न होणं. याहून जास्त सांगत बसत नाही, ज्यांना आहे त्यांना रात्री अडीच वाजता कुणी समजावून सांगायची गरज नसते. मागचं थोडं सांगतो. सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग दिलेत, त्यात कर्णनाद आहे, कर्णक्ष्वेड आहे, दोन्ही कानात आवाज येण्याचेच प्रकार, म्हणजे तक्रार जुनीच. पण आपल्या गावापुरता हा इतिहास मिलच्या भोंग्यापासूनच धरायला पाहिजे.

१८७० च्या दशकात जुनी मिल उभी राहिली, मग बाकीच्या आल्या, पुढं एकेक बंद पडत गेल्या आणि माग पूर्व भागात घराघराच्या खाली आले. धोट्यावर चालणाऱ्या मागांच्या शेडमधे आवाज ९५-१०० डेसिबलच्या घरात जातो, आणि कारखान्यासाठी आठ तासांची मर्यादा धरली होती ९० ची. तीही मोठ्या कारखान्यांना, कारण १९४८ चा कारखाने कायदा वीज वापरून दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथंच लागू व्हायचा, चार माग आणि तीन माणसं असलेल्या शेडला कोण विचारतंय. स्कॉटलंडमधल्या डंडीत ज्यूट विणणाऱ्या बायकांचे कान तपासून १९६५ मधे अभ्यास छापून आला, मागावर वर्षं काढली की ऐकू येणं कसं कमी होत जातं ते त्यात स्पष्ट दिसतं. म्हणजे माहिती साठ वर्षं जुनी आहे. आवाजाने येणारा बहिरेपणा आपल्या कारखाने कायद्यातल्या, कामामुळं होणाऱ्या आजारांच्या परिशिष्टातही आला, पण कानात वाजणारा आवाज कुठल्याच रकान्यात बसला नाही. २०१६ च्या दिव्यांग कायद्यातसुद्धा दोन्ही कानांत ६० डेसिबलची घट लागते. ऑडिओग्राम (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख) नॉर्मल आणि डोक्यात चोवीस तास शिट्टी, अशा माणसाला कागदावर काहीच झालेलं नसतं.

आता आशेचं. १९५३ मधे ऐकू नीट येणाऱ्या ८० जणांना साउंडप्रूफ खोलीत बसवलं तर ९४ टक्के लोकांनी सांगितलं की काहीतरी ऐकू येतंय, म्हणजे शांततेत असा आवाज चांगल्या कानालाही येतो. तरी पुढं बरीच वर्षं डॉक्टरांचं उत्तर एकच, काही होत नाही, सवय करून घ्या, आणि ती सवय करायची कशी हे कुणी सांगायचं नाही. सत्तरच्या दशकात दुसऱ्या आवाजाने झाकायची मशिनं आली. खरा फरक पडला १९८४ मधे आणि मग १९९० मधे, तेव्हा मांडणी अशी झाली की त्रास आवाजाच्या मोठेपणाने तेवढा ठरत नाही, मेंदू त्याला धोका समजतो की बिनकामाचा समजून सोडून देतो यावर जास्त ठरतो. पूर्व भागातल्या माणसाला हे वेगळं शिकवायला नको, मागाच्या खडखडाटात तो गाढ झोपायचा आणि लाईट जाऊन माग थांबले की दचकून उठायचा. फक्त एक गोष्ट लोक विसरतात, मनाला सवय झाली म्हणून कान वाचला असं होत नाही. २००९ मधे उंदरांवर दाखवलं गेलं की दोन तास मोठा आवाज ऐकवल्यावर चाचणीत ऐकणं पूर्ववत दिसतं, पण आतल्या नसांची जोडणी कायमची तुटलेली असते.

आणि इथूनच आवाज अडवायला कानात घालायच्या प्लगचा वाद सुरू होतो, ज्यावर पेशंट आणि तज्ज्ञ अजून भांडतात. जुना सल्ला म्हणजे शांत खोलीत राहा, कानात कापूस घाला (कापसाने आवाज तसाही फारसा अडत नाही, पण असो). २००३ मधे एक प्रयोग छापून आला. काहींना दोन आठवडे जवळजवळ सगळा वेळ प्लग घालायला लावले, काहींना हळू आवाज देणारी यंत्रं. प्लगवाल्यांना नंतर पूर्वीपेक्षा कमी आवाजसुद्धा मोठा वाटायला लागला, यंत्रवाल्यांचं उलटं, त्यांची सहनशक्ती वाढली. म्हणजे बाहेरून येणं कमी झालं की मेंदू आतून व्हॉल्यूम वाढवतो. तेव्हापासून सगळीकडे ‘शांततेत लपू नका’ सुरू झालं. मला स्वतःला हे पटतं, घरात कुकरच्या शिट्टीला प्लग घालणारा माणूस दोन-तीन महिन्यांत चमचा पडला तरी दचकतो. पण ज्यांना आवाजाने कानात खरंच दुखतं ते म्हणतात की आम्हाला जबरदस्तीने आवाजात ढकलून आणखी बिघडवलं, आणि त्यांचं बोलणंही नुसतं मनाचे खेळ म्हणून उडवता येत नाही, कारण २०१५ मधे प्राण्यांवरच्या प्रयोगात कानाच्या आत वेदनेसारखा इशारा देणाऱ्या नसा दिसल्या. तडजोड सध्या अशी की रोजच्या आवाजात कान उघडे, मोठ्या आवाजात झाकलेले, आणि वाढवायचं ते हळूहळू, दुखतंय तिथं थांबून.

रोजचा आवाज कुठला आणि मोठा कुठला हे मात्र सोलापुरात ठरवायचं कुणी? ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमात राहत्या भागाला दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल, आणि रात्री दहानंतर स्पीकर बंद. २००२ मधे त्याला दुरुस्ती जोडली, सणा-उत्सवाला वर्षातले १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येईल. ही सूट माझ्या मते चुकीची, कारण त्रास नेमका त्याच दिवशी होतो. लेझीमच्या ताफ्याबद्दल माझी तक्रार नाही, तोही आवाजच आहे पण तो पुढं निघून जातो. डीजेची भिंत चौकात उभी राहते आणि खिडकीची काच थरथरते. तिथं प्लग घाला, बिनधास्त घाला, शक्य असेल तर गावाला जा, त्याला पळपुटेपणा कुणी म्हणू नये.

औषधांचं थोडक्यात. चक्करसाठीची बीटाहिस्टिन कानातल्या आवाजासाठी आपल्याकडे सर्रास लिहिली जाते, ब्रिटनच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र फक्त टिनिटस असेल तर ती देऊ नका असं सरळ लिहिलंय. अमेरिकेतल्या २०१४ च्या सूचनांत जिंको (एका झाडाच्या पानांचा अर्क), झिंक, मेलाटोनिन (झोपेसाठी घेतात ते) यांनाही नाही म्हटलंय. सीबीटीचा (बोलण्यातून विचार आणि वागणं बदलायला शिकवणारा मानसोपचार) मोठा आढावा २०२० मधे आला, २८ अभ्यास, २,७३३ माणसं, त्याने आयुष्यावरचा त्रास कमी होतो असा निष्कर्ष. २०२३ मधे कानात आवाज आणि जिभेवर हलके विजेचे झटके देणाऱ्या एका यंत्राला अमेरिकेत परवानगी मिळाली, लगेच कर्ज काढून मागवण्यासारखं मला तरी वाटत नाही.

मागावर आयुष्य काढलेल्यांनी त्याआधी साधं श्रवणयंत्र लावून बघावं. ऐकणं कमी झालेलं असेल तर बाहेरचा आवाज परत आत यायला लागला की आतली शिट्टी बऱ्याच जणांना मागं पडल्यासारखी वाटते. अडचण अशी की आपल्याकडची म्हातारी माणसं चष्मा लावतील, कवळी लावतील, पण कानाचं मशिन म्हटलं की होय की बघू म्हणतात आणि मशिन डबीतच राहतं. आणि एकाच कानाचं ऐकणं एका-दोन दिवसांत अचानक गेलं, किंवा आवाज नाडीच्या ठोक्यावर वाजतोय असं वाटलं, तर वर लिहिलेलं सगळं बाजूला ठेवायचं. ठोक्याच्या आवाजाची तपासणी लवकर करून घ्यायची, आणि अचानक ऐकणं गेलं असेल तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे, कारण त्याचे स्टेरॉइड सुरुवातीच्या दिवसांतच उपयोगी पडतात.