आकृतिबंध वर्गात कसे आले

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 2012 साली शालेय विज्ञानाचा एक आराखडा मांडला. भौतिकशास्त्रापासून भूशास्त्रापर्यंत सगळीकडे लागू पडतील अशा 7 संकल्पना त्यात निवडल्या होत्या आणि यादीत पहिलं स्थान आकृतिबंधांना, म्हणजे पुन्हा पुन्हा दिसणाऱ्या रचनांना (पॅटर्न), दिलं होतं. अभ्यासक्रमाच्या कागदावर हा मान उशिरा मिळाला असला, तरी शिकणं-शिकवणं मात्र फार पूर्वीपासून आकृतिबंधांच्याच आधाराने चालत आलं आहे.

छंदशास्त्र हे त्याचं मला सर्वांत सुंदर वाटणारं उदाहरण. लघु-गुरूंच्या तीन-तीन अक्षरी मांडण्या आठच होतात, तेच आठ गण. ते लक्षात राहावेत म्हणून ‘यमाताराजभानसलगा’ हे सूत्र रचलं गेलं. पहिल्या आठांपैकी कोणत्याही अक्षरापासून सलग तीन अक्षरं घ्यावीत, की त्या गणाचा क्रम हाती येतो: यमाता, मातारा, ताराज. दहा अक्षरांत आठही गण बसतात आणि एकही दोनदा येत नाही. पाठांतराची सोय आणि विषयाची रचना इथे एकच झाली आहे. याच परंपरेत विरहांकाने आणि पुढे 12व्या शतकात हेमचंद्राने विचारलं, की ठरावीक मात्रांची ओळ किती प्रकारे रचता येईल? ओळीच्या शेवटी एक मात्रेचा लघु येईल किंवा दोन मात्रांचा गुरू. म्हणून प्रत्येक उत्तर आधीच्या दोन उत्तरांची बेरीज असतं: 1, 2, 3, 5, 8, 13. ही मालिका आज ज्याच्या नावाने ओळखली जाते, त्या इटालियन गणितज्ञ फिबोनाचीचा ग्रंथ 1202 चा, म्हणजे यानंतरचा.

रसायनशास्त्रातला सर्वांत मोठा आकृतिबंध तर पाठ्यपुस्तक लिहिताना सापडला. दिमित्री मेंडेलीव सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकवत होते आणि विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचं पुस्तक लिहीत होते. तेव्हा माहीत असलेली 63 मूलद्रव्यं कोणत्या क्रमाने सांगायची, हा साधा शिक्षकी प्रश्न त्यांच्यापुढे होता. त्यातून 1869 ची आवर्तसारणी आली. त्यांनी सारणीत रिकाम्या जागा ठेवल्या आणि तिथल्या मूलद्रव्यांचे गुणधर्मही सांगितले. 1875 मध्ये गॅलियम, 1879 मध्ये स्कँडियम आणि 1886 मध्ये जर्मेनियम सापडलं आणि त्या जागा भरल्या.

भाषाशिक्षणाचा प्रवास इतका सरळ झाला नाही. 1940 च्या दशकात मिशिगन विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी वाक्यरचनेच्या साच्यांवर आधारलेली पद्धत विकसित केली. साचा तोच ठेवायचा, एकेक शब्द बदलायचा आणि वाक्य जिभेवर बसेपर्यंत म्हणायचं. पुढची दोन दशकं भाषा प्रयोगशाळांमध्ये हा सराव जोरात चालला. भाषा म्हणजे सवय, हे त्यामागचं गृहीतक होतं आणि 1959 मध्ये भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्कींनी त्याच्यावर कडाडून टीका केली. त्याच्या आदल्याच वर्षी जीन बर्को यांनी लहान मुलांना एक काल्पनिक प्राणी दाखवून त्याचं नाव ‘वग’ (wug, इंग्रजीत नसलेला बनावट शब्द) असं सांगितलं होतं. असे दोन असतील तर काय म्हणाल, असं विचारल्यावर बहुतेक मुलांनी त्या शब्दाचं अनेकवचन बरोबर केलं. तो शब्द त्यांनी कधीच ऐकला नव्हता, त्यामुळे हे उत्तर घोकून येणं शक्यच नव्हतं. मुलांनी ऐकलेल्या भाषेतून नियम स्वतः काढला होता. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला कळीचा फरक हाच: साचा बाहेरून लादला जातो की शिकणारा तो स्वतः हेरतो.

जाणकार माणूस नेमकं काय पाहतो, याचं उत्तर बुद्धिबळाने दिलं. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रोट यांनी 1940 च्या दशकात, आणि 1973 मध्ये विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनी, खेळाडूंना पट काही सेकंदच दाखवला आणि मग मोहरी आठवून मांडायला सांगितली. खऱ्या डावातली स्थिती निष्णात खेळाडूंनी नवशिक्यांपेक्षा कितीतरी अचूक मांडली. मोहरी वाटेल तशी विखुरली, तेव्हा मात्र ही आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. त्यांना सुटी मोहरी दिसतच नव्हती, ओळखीचे गट दिसत होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी 1960 मध्ये विषयाची रचना शिकवण्याचा आग्रह धरला होता, त्याला या प्रयोगाने भक्कम आधार दिला असं मला वाटतं.

हे गट डोळ्यांत बसावेत म्हणून काय करावं? मानसशास्त्रज्ञ नेट कॉर्नेल आणि रॉबर्ट ब्यॉर्क यांनी 2008 मध्ये 12 चित्रकारांपैकी काहींची चित्रं चित्रकारवार, तर काहींची सरमिसळ करून दाखवली. नंतर अनोळखी चित्र कोणाचं हे ओळखताना सरमिसळ पाहणं सरस ठरलं, कारण शेजारी दुसरी शैली आली की फरक उठून दिसतो. गंमत म्हणजे बहुतेक सहभागींना चित्रकारवार पाहूनच आपण जास्त शिकलो असं वाटत होतं.

गणिताचा वर्ग याच्या पुढची पायरी दाखवतो. वर्तुळावर बिंदू घ्यावेत, ते सगळे एकमेकांना जोडावेत आणि आत किती भाग पडतात ते मोजावं. एका बिंदूपासून सुरुवात केली की 1, 2, 4, 8, 16 अशी दुप्पट होत जाणारी मालिका दिसते. सगळा वर्ग पुढचं उत्तर 32 सांगतो. पण सहा बिंदूंना, एका जागी तीन रेषा छेदू न देता, 31 च भाग पडतात आणि खरा धडा इथूनच सुरू होतो. प्रत्येक नव्या रेषेने एक भाग वाढतो, आतल्या प्रत्येक छेदबिंदूने आणखी एक. सहा बिंदूंना रेषा 15 आणि छेदबिंदूही 15, सुरुवातीचा एक भाग धरून 31. सात बिंदूंना 21 रेषा, 35 छेदबिंदू, म्हणून 57.