गुंता खाली, चूक वर

आईच्या चार जुन्या सुती साड्यांची गोधडी मशीनवर शिवायला घेतली आणि पहिल्याच ओळीला खालच्या अंगाने दोऱ्याचं घरटं झालं. वरून टीप ठीकठाक, उलटून पाहावं तर नुसता गिचका. मग मी तेच केलं जे सगळे करतात. बॉबिन, म्हणजे खालच्या दोऱ्याची छोटी फिरकी, काढली, पुन्हा भरली, तिच्या केसचा, म्हणजे डबीचा, बारका स्क्रू गच्च पिळला. गुंता खाली म्हणजे बिघाडही खालीच, नाही का? गुंता वाढला.

हातच्या गोधडीत ही भानगडच नसते. धावदोऱ्यात दोरा एकच आणि सुई अख्खी कापडातून आरपार जाते. मशीनची सुई दांड्याला जखडलेली, ती जिथून शिरते तिथूनच परत येते. म्हणून नेढं टोकाशी आलं आणि खालून दुसरा दोरा आला. एलायस होव यांना 1846 साली अमेरिकेत पेटंट मिळालं ते याच जोडगोळीचं. सुई तळाला जाऊन किंचित वर उचलली की दोऱ्याची छोटी फुगी सुटते. आजच्या मशीनमध्ये फिरता हूक ती पकडतो आणि सगळ्या बॉबिन केसभोवती फिरवून आणतो. मग समोर वर-खाली होणारा लिव्हर तो सगळा सैल दोरा ओढून घेतो आणि दोन दोऱ्यांची एकमेकांत अढी पडते.

ही अढी कुठे बसेल, हे रस्सीखेचीवर ठरतं. वरचा दोरा जड झाला तर ती वर दिसते, खालचा झाला तर खाली. दोघांची ओढ तुल्यबळ असेल तर ती थरांच्या मधोमध दडते. खाली लूप दिसतात ते वरचा दोरा हरला म्हणून. आणि मी स्क्रू पिळून खालच्यालाच आणखी बळ देत होतो!

वरच्या दोऱ्याला बळ कुठून येतं, हे मला या सगळ्यात सर्वात सुंदर वाटतं. उधळलेला बैल नुसतं दावं धरून थांबत नाही, पण दाव्याचे खुंट्याला दोन वेढे दिले तर शेंबडं पोरही त्याला धरून ठेवतं. ऑयलर आणि आयटेलवाइन यांच्या नावाने ओळखलं जाणारं याचं सूत्र आहे: ओढणाऱ्या टोकाचा ताण म्हणजे धरलेल्या टोकाचा ताण गुणिले ‘ई’चा घात, आणि तो घात म्हणजे घर्षणगुणांक गुणिले वळणाचा कोन. ई म्हणजे 2.718, कोन रेडियनमध्ये, पूर्ण वेढा 6.28. गुणांक 0.3 धरला तर एका वेढ्याला ताण 6.6 पट, दोन वेढ्यांना 43 पट, तीन वेढ्यांना 286 पट. ही बेरीज नव्हे, चक्रवाढ आहे. आणि गंमत म्हणजे खुंट्याची जाडी सूत्रात कुठेच येत नाही, येतो तो फक्त कोन.

आता मशीनकडे या. रिळावरून निघालेला दोरा दोन चकत्यांमधून जातो. स्प्रिंगने दाबलेल्या या चकत्या ताणात भर घालतात. पुढे लिव्हरपर्यंतची वळणं त्या ताणाला गुणतात. वळणं मिळून एक वेढा आणि गुणांक 0.2 धरला तर साडेतीन पट. लिव्हर वर जाताना दोन्ही बाजूंनी दोरा मागतो, एकीकडे चकत्यांकडून, दुसरीकडे कापडाकडून. जी बाजू सहज देईल तिच्याकडून घेतो. लिव्हरपासून कापडापर्यंतच्या वळणांवर, नेढ्यावरसुद्धा, तेच सूत्र उलटं चालतं. तिथे ताण भागला जातो, कापडापाशी कमीच पोचतो. म्हणून चार थरांच्या गोधडीला बारीक सुई घातली की वरचा दोरा नेढ्यात आणि भोकात अडतो, नि खाली सैल लूप राहतात. 14 नंबरची सुई 0.9 मिलिमीटर जाडीची, 16 ची 1 मिलिमीटर. जाड गोधडीला हीच घ्या.

आणि चकत्यांत दोरा बसलाच नसेल तर? शून्याला कितीही पटींनी गुणा. लिव्हर रिळावरूनच आरामात दोरा ओढतो, हूकाने फिरवलेला लूप खाली तसाच लोंबतो. कापड दाबून धरणारं फूट खाली असलं की चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा दोरा ओवला तर तो कडेवरच राहतो. फूट वर करून ओवायचा. मी फूट खाली ठेवून ओवला होता, बस्स.

मशीनला दृष्ट लागली म्हणून लिंबू बांधणारेही पाहिलेत. खंडेनवमीच्या पूजेला माझी हरकत नाही, फक्त कुंकू चकत्यांत जाऊ देऊ नका. जाहिरातीतल्या, ताण आपोआप जुळवणाऱ्या ‘ऑटो टेन्शन’लाही नीट न ओवलेला दोरा सावरता येईल अशी आशा नको.

कापड पुढे सरकवणारे दाते खाली पाडून गोधडी हाताने फिरवत वेलबुट्टी शिवताना वळणावर मागे बारीक पापण्या उठतात, त्याचं कारणही हेच. घट्ट खालचा दोरा शेताच्या बांधाऐवजी आडवाटेने जावं तसा वळण टाळून सरळ जातो आणि सैल वरच्याला सोबत ओढतो. वळणावर हात सावकाश, मोटर एकसारखी, आणि वरच्या दोऱ्याच्या ताणाचा आकडा अर्ध्याने वाढवा. खाली-वर वेगळ्या रंगाचे दोरे घालून, तेवढ्याच थरांच्या तुकड्यावर पाहा.

माझा तो स्क्रू मात्र किती पिळला होता ते आठवेना. केस दोऱ्याला लटकवून हलका हिसका दिला की दोनतीन बोटं खाली येऊन थांबायला हवी. माझी कंदिलासारखी नुसती लटकून राहिली. स्क्रू पाव फेऱ्याहूनही कमी सैल केला, पुन्हा थोडा, असं करत तिसऱ्या खेपेला ती उतरली.