एक्सएमएल की ॲनोटेशन, हा वाद आला कुठून?

ॲनोटेशन (कोडमध्येच क्लासवर @ लावून लिहिलेली सूचना) वापरायचं की एक्सएमएलची कॉन्फिग फाईल (त्याच सूचना कोडबाहेर, टॅगमध्ये लिहिलेल्या), हा प्रश्न आता ज्याच्या त्याच्या आवडीचा वाटतो, पण मुळात तो कामाच्या वाटणीचा होता. एंटरप्राइझ जावाची स्पेसिफिकेशन्स लिहिणाऱ्यांनी धरलंच होतं की कोड लिहिणारा वेगळा आणि सर्व्हरवर चढवणारा 'डिप्लॉयर' वेगळा. त्याला कोड न उघडता, पुन्हा कंपाईल न करता बदल करता यावेत म्हणून १९९९ मध्ये सर्व्हलेट २.२ (वेब रिक्वेस्ट हाताळणाऱ्या जावा क्लासचं स्पेसिफिकेशन) सोबत वेब डॉट एक्सएमएल आली, कुठल्या यूआरएलला कुठला क्लास हे सांगणारी फाईल. आता बऱ्याच टीममध्ये दोन्ही कामं एकाच माणसाच्या गळ्यात, म्हणजे आपणच लिहायचं आणि आपणच वाचायचं!

मग स्ट्रट्स, हायबरनेट, स्प्रिंग ही जावाची फ्रेमवर्क आली, प्रत्येकाची आपली वेगळी एक्सएमएल. स्ट्रट्समध्ये साधं लॉगिन करायचं तरी ॲक्शनचा क्लास लिहा, फॉर्मचा लिहा, मग कॉन्फिगमध्ये पाथ, पॅकेजसकट क्लासचं पूर्ण नाव, जमलं तर कुठली जेएसपी (दाखवायच्या पानाची फाईल), फसलं तर कुठली, आणि हे सगळं नुसतं टेक्स्ट, त्यामुळे क्लासचं नाव बदललं आणि फाईलमधलं राहिलं तरी कंपायलर गप्प, ॲप चालवल्यावर मग क्लास सापडत नाही म्हणून बोंब.

लोक इतके वैतागले की कॉमेंटमध्ये टॅग टाकून त्यातून एक्सएमएल काढून देणारं एक्सडॉक्लेट नावाचं टूल जोरात चाललं. मला तर ॲनोटेशनचं बीज इथेच दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये ॲट्रिब्यूट (ॲनोटेशनसारखीच सोय) २००२ पासूनच होते, जावाने २००४ मध्ये जावा ५ सोबत ही सोय भाषेतच घेतली. (पीएचपीवालेही आधी कॉमेंटमध्येच लिहायचे, त्यांना २०२० मध्ये पीएचपी ८ ने ॲट्रिब्यूट दिले.) २००७ ला स्प्रिंग २.५ मध्ये @कंट्रोलर हे ॲनोटेशन आलं, यूआरएल क्लासमध्येच लिहिता यायला लागले, आणि २००९ च्या सर्व्हलेट ३.० पासून वेब डॉट एक्सएमएल नसली तरी चालायला लागलं.

कुरकुर झालीच, आणि ती अगदीच खोटी नव्हती: आधी सगळे यूआरएल एका फाईलमध्ये दिसायचे, ते आता पन्नास क्लासमध्ये शोधत बसा.

गंमत म्हणजे डिप्लॉयरचा मान तरीही राखला गेला. सर्व्हलेट ३.० मध्ये एकच गोष्ट दोन्हीकडे लिहिली तर फाईलमधली चालते, स्प्रिंगमध्येही एकच प्रॉपर्टी दोन्हीकडून जोडली तर एक्सएमएलचंच खरं. पुढे २०१४ मध्ये स्प्रिंग बूट १.० (स्प्रिंगवरच उभं, कमी कॉन्फिगमध्ये चालणारं) आलं तोवर जोडाजोडी (कुठला क्लास कशाला जोडायचा ते) बहुतेक कोडमध्येच गेली होती, फाईलकडे राहिलं ते डेटाबेसचा पत्ता, पोर्ट, लॉगची लेव्हल, असं सर्व्हरगणिक बदलणारं.