खानापूरचे जंगल: राखीव वनापासून पावसाळी पर्यटनापर्यंत

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, खानापूर तालुक्यातील जांबोटी, कणकुंबी आणि भीमगडच्या परिसरात पावसाळ्यात पर्यटकांची जी गर्दी होते, तिचा विचार तेथील मराठी भाषक गावांचा जंगलाशी असलेला जुना संबंध वगळून करता येत नाही. ब्रिटिश अमलात येथे राखीव वनांच्या हद्दी आखल्या गेल्या आणि कुमरी, म्हणजे डोंगरउतारावरील झाडोरा तोडून व जाळून केलेली फिरती शेती, सरकारने हळूहळू बंद पाडली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले. वनहक्कासाठी ज्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायचे, त्यांच्या कारभाराची भाषाही तेव्हापासून निराळी झाली. २०११ मध्ये भीमगड अभयारण्य घोषित झाले आणि गवाळी, कोंगळा, तळेवाडी, देगाव यांसारखी दुर्गम गावे त्याच्या निर्बंधांखाली आली.

हे निर्बंध निराधार नाहीत. मलप्रभा कणकुंबीत आणि म्हादई देगाव परिसरात उगम पावते. बारापेडे गुहेतील, राटन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुर्मीळ वटवाघळाची वसती अनेक दशके जगातील एकमेव ज्ञात वसती होती. माणसांची वर्दळ आणि उजेड अशा प्राण्यांना सोसत नाही. मात्र निर्बंधांचा भार सर्वांवर सारखा पडलेला नाही, ही या इतिहासातील सर्वांत बोचरी बाब आहे. जंगलातील गावांना पक्का रस्ता आणि पूल मिळणे दुरापास्त असल्याने पावसाळ्यात आजाऱ्याला खांद्यावरून वाहून आणावे लागते, तर बेळगाव–चोर्ला मार्ग वाहता झाल्यापासून त्याच डोंगररांगेत रिसॉर्ट आणि फार्महाऊस उभी राहिली आहेत.

त्यातून चहा-नाश्त्याची दुकाने, वाहनचालकांचे आणि वाटाड्यांचे काम असा थोडा रोजगार येतो, पण तो हंगामी असतो. ओढ्याकाठच्या बाटल्या आणि प्लास्टिक मात्र वर्षभर गावाच्या वाट्याला येते. धबधब्यांवर जाण्यास वन खाते पावसाळ्यात मनाई करते, तेव्हा हा रोजगारही थांबतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, त्यामुळे पर्यटकांना कोठपर्यंत आणि किती संख्येने जाऊ द्यायचे हा प्रश्न आधी या ग्रामसभांपुढे, त्यांना समजणाऱ्या मराठीतून, मांडला गेला पाहिजे.