खाजण शेती व स्त्री-शेतकरी (गोवा)

मांडवी, जुवारी इत्यादी नद्यांच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या सखल जमिनीला गोव्यात ‘खाजण’ म्हणतात. तिसवाडी, बार्देश, सासष्टी आदी तालुक्यांत असे सुमारे १८,००० हेक्टर क्षेत्र असल्याचे मानले जाते. ही जमीन पुष्कळ ठिकाणी भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे वाढती समुद्रपातळी आणि अतिवृष्टी यांचा फटका तिला लवकर बसतो. तो कोणी सोसायचा, हे मात्र बऱ्याच अंशी कामांच्या रूढ वाटणीवर ठरते.

नांगरणी, बांधांची डागडुजी आणि मानशींची, म्हणजे पाणी नियंत्रित करणाऱ्या दारांची, राखण ही पुरुषांची कामे मानली गेली. लावणी, बेणणी, वारवणे, भात उकडणे आणि बियाणे जपणे स्त्रियांकडे आले. बांध फुटून खारे पाणी शिरले की शेत पडीक राहते आणि लावणीची मजुरी बुडते, परंतु बांध केव्हा व कसा दुरुस्त करायचा या निर्णयात त्या मजूर स्त्रीला क्वचितच स्थान असते. या जमिनींची व्यवस्था पूर्वी गावकारी संस्था, म्हणजे गावाची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या पारंपरिक संस्था, पाहत. त्यांचे सदस्यत्व आणि ‘झोण’ हा लाभांश परंपरेने पुरुष वंशजांकडे चालत आला. १९६४च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कूळ संघांकडे गेली, तरी नोंदी बहुधा कुटुंबातील पुरुषाच्या नावेच राहिल्या.

याच गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून लागू झाली. तिच्या परंपरेत मुलीला मुलाइतका वारसाहक्क मिळतो, आणि विवाहकरार केला नसल्यास पत्नी सामायिक मालमत्तेत निम्म्या हिश्श्याची धनी ठरते. एवढा अनुकूल कायदा असूनही शेतकरी म्हणून तिची ओळख कागदावर दुबळी राहते, हा या विषयातील खरा पेच आहे. शेतकऱ्याची सरकारदरबारी ओळख ठरणारे कृषी कार्ड आणि सरकारच्या शेतकरी आधार निधीतून मिळणारी नुकसानभरपाई यांचा संबंध जमिनीच्या व लागवडीच्या नोंदीशी येतो. म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे या नोंदीच्या कागदावर, नाव नसलेल्या स्त्रीचे नुकसान घरातील दुसऱ्याच्या नावे मांडले जाते.

तग धरण्याचे साधन मात्र अनेकदा तिच्याच हाती असते. ‘कोरगुट’ हे खारेपणा सोसणारे देशी भात पहिल्या पावसांनी मीठ धुऊन गेल्यावर खाजणात पेरतात. अधिक उत्पन्नाच्या जातींपुढे त्याचे क्षेत्र घटले. घरोघरी राखलेल्या बियाण्यामुळेच ते पुरते नाहीसे झाले नाही. खाजणाबाहेर काणकोण तालुक्यातील खोला येथे डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर होणारी मिरची प्रामुख्याने स्त्रियाच पिकवतात. तिला २०१९मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती उन्हात वाळवावी लागत असल्याने लांबलेला पाऊस वर्षाची मिळकत खराब करू शकतो.

अलीकडे लावणी व कापणी यंत्रांनी होऊ लागली आहे. मजूरटंचाईवर हा उपाय ठरला. पण यंत्र चालवणारे बहुतांशी पुरुष असल्याने स्त्रियांची हंगामी मजुरी आटली, आणि चिखलात रुतणाऱ्या खोल खाजणांत, जिथे यंत्र उतरत नाही, तिथले कष्टाचे काम तेवढे त्यांच्याकडे उरले.